पहिल्या घरच्या शेणी

नगरसेवक गेले, तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जन झालं आणि चौथ्या दिवशी संध्याकाळी तालमीत बैठक बसली. विषय एकच होता: यंदा होळीला शेणीची गाडी काढायची की नाही. होळी आठवड्यावर आली होती. मला बैठकीचं बोलावणं नव्हतं. तालमीच्या बैठकीला बायकांना बोलावण्याची पद्धत आमच्या पेठेत अजून पडलेली नाही. पण तिथे बसलेल्यांपैकी निम्म्यांना मी नववी-दहावीला भूगोल शिकवलाय, आणि तेव्हा कान धरायची सोय होती. मी गेले, खुर्ची ओढली आणि बसले. 

ही गाडी काय, ते आधी सांगायला हवं. गोवऱ्यांना आमच्याकडे शेणी म्हणतात. पंचगंगेकाठच्या स्मशानात दहनाचे पैसे घेत नाहीत, आणि दहन होतं ते शेणींवर. या शेणी गावच देतं. होळी लहान करायची आणि वाचलेल्या शेणी स्मशानात पोचवायच्या, ही रीत आता बऱ्याच पेठांत, मंडळांत आहे. आमच्या भागात ती नगरसेवकांनी आणली. होळीच्या सकाळी एक हातगाडी निघायची. गल्लीबोळ फिरून दुपारपर्यंत नदीवर जायची, आणि संध्याकाळी चौकात कंबरेएवढी होळी पेटायची.

गाडीचे नियम नगरसेवकांचे होते आणि ते मोडलेले त्यांना खपत नसत. देणाऱ्याचं नाव पुकारायचं नाही. फोटो काढायचा नाही. पैसे दिले तर घ्यायचे नाहीत. दुकानातून विकत आणलेल्या शेणी चालणार नाहीत. स्वतः लावा, म्हणजे शेण आणून थापा, नाहीतर ज्याच्या दारात म्हशी आहेत त्याच्याकडे जाऊन मागा. आणि शेवटचा नियम, जो ऐकून नवखा माणूस दचकायचा: गाडीचं पहिलं घर म्हणजे पेठेत सगळ्यात अलीकडे ज्यांच्याकडे माणूस गेलं ते घर. त्या घरातल्यांनी पाच शेणी गाडीत ठेवायच्या आणि पुढच्या दारात त्यांनीच जाऊन मागायचं. नाव न घेण्याचा नियम मी इथेही पाळणार आहे, त्यांच्या स्वतःच्या नावासकट.

मी काही त्यांची भक्त नव्हते. ते एकदा निवडणुकीत पडले, परत निवडून आले, मग वॉर्ड राखीव झाला आणि पद गेलं, तरी दूधवाल्यापासून डॉक्टरपर्यंत सगळे त्यांना नगरसेवकच म्हणत. जो खरा निवडून आला होता त्याला बिचाऱ्याला लोक नावानं हाक मारत. आमच्या गल्लीतलं गटार त्यांच्या कारकिर्दीत दोनदा बांधलं गेलं आणि दोन्ही वेळा पाणी उलटं वाहिलं. मी भर चौकात त्यांना सुनावलं होतं, की उतार कुठल्या बाजूला असतो ते कळत नसेल तर माझ्या वर्गात येऊन बसा. त्यांनी हात जोडले, मनापासून हसले आणि गटार होतं तसंच राहिलं. सभेत त्यांना झोप लागायची. जागे असले की आवाज एवढा, की माईक हातात आला तर पुढच्या रांगेची धडगत नसे. पण पेठेत मयत कुणाचीही असो, मत दिलेल्याची असो की शिव्या दिलेल्याची, हा माणूस तिरडी बांधायला खाली बसलेला दिसायचा. राख सावडेपर्यंत जायचा नाही.

आमचे हे गेले ते महामारीनंतर, थंडी सरता सरता. पाटबंधारे खात्यातून निवृत्त होऊन दोन वर्षंही झाली नव्हती. मुलगा पुण्याहून आला, सगळं रीतसर केलं, कामावर परत गेला. मग मी दार लावून घेतलं. शाळेत रजेचा अर्ज दिला. वर्तमानपत्राची घडी मोडायची नाही, पडदा सारायचा नाही, फोन उचलायचा नाही, असं चाललं होतं. होळीच्या सकाळी बेल वाजली. मी उघडलं नाही. ती वाजतच राहिली, आणि बाहेरून तो आवाज आला, की बाई, दार उघडा, आम्ही काय वसुलीवाले न्हाई.

उघडलं तर दारात नगरसेवक, मागे गाडी आणि चार-सहा पोरं. "बाई, पाच शेणी द्या," ते म्हणाले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, माझ्या घरात काय झालंय ते तुम्हाला माहीत नाही का? तुम्हीच खांदा दिलात ना? महिना झाला नाही आणि तुम्ही शेणी मागायला येता? आणखीही बरंच बोलले. वर्गात कधी वापरले नाहीत असे शब्द त्यात होते. ते सगळं ऐकेपर्यंत उभे राहिले.

"रागवा, बाई. तुमचा हक्कच हाय," ते म्हणाले. "पर शेणी द्या. तुमच्या माणसाला कुणीतरी दिल्या होत्या. कुणी दिल्या ते मला ठावं न्हाई, तुम्हालाबी न्हाई. आता दुसऱ्या कुणाच्या माणसाला तुमच्या लागतील."

माझ्याकडे शेणी नव्हत्या. विकत आणू म्हटलं तर ते नाही म्हणाले. मागच्या गल्लीत गोठा आहे, जा आणि मागा, आम्ही थांबतो. मी चपला घातल्या. त्या गोठ्यावरून मी कित्येक वर्षं नाकाला पदर लावून शाळेत गेले होते, आत कधी डोकावले नव्हते. मी मूळची साताऱ्याची, तिथेही कधी कुणाकडे वाटीभर साखर मागितली नव्हती. गवळण म्हशीखाली बसली होती. मी काय हवंय ते सांगितलं. तिनं माझ्याकडे एकदा बघितलं, शेणी काढून दिल्या, आणि जाताना धारेचं पेलाभर दूध हातात दिलं. नको म्हणायची सोयच नव्हती, ती समोर उभी होती. महिन्याभरात मला कशाचीही चव लागली नव्हती. ते दूध लागलं.

परत येऊन मी शेणी गाडीत ठेवल्या आणि पुढच्या दारात जाऊन म्हटलं, "पाच शेणी द्या." आवाज एवढा चढा निघाला की आतली माणसं घाबरून बाहेर आली. त्या दिवशी दुपारपर्यंत मी गाडीमागून चालले. त्या दिवसांत मला जगायचं होतं की नव्हतं ते माझं मलाच ठाऊक नव्हतं. त्या माणसानं ते विचारलं नाही, सांत्वनाचा एक शब्द बोलला नाही, काम दिलं. त्यासाठी मी त्यांना उलटं गटार माफ केलं. पुढे दर होळीला मी गाडीबरोबर असायची.

तर ती बैठक. तालमीचे अध्यक्ष एकेकाळी चांगले फुटबॉलपटू होते, आता गुडघ्यांनी दगा दिलाय. ते म्हणाले, "बाई, नगरसेवकांचं सुतक सगळ्या पेठेला हाय. यंदा होळी साधी करायची, चौकात फोटो लावायचा, दोन शब्द बोलायचे. गाडी पुढच्या सालाला."

दुसऱ्यानं वेगळंच काढलं. वरच्या एका मोठ्या नेत्याच्या कचेरीतून निरोप आला होता, की ट्रॉलीभर शेणी आम्ही देतो, ट्रॉलीला नगरसेवकांचा मोठा फ्लेक्स लावा, चौकातून नेते झेंडा दाखवतील. निवडणुका तोंडावर होत्या, त्यामुळे निरोपाचा अर्थ लहान पोरालाही कळला असता. पण पोरांना मोह पडला होता, आणि त्यात वाईट काही नव्हतं. त्यांना नगरसेवकांसाठी काहीतरी मोठं करायचं होतं.

मी म्हटलं, ट्रॉली येत असेल तर येऊ द्या. फ्लेक्स काढा आणि स्मशानात नेऊन रिकामी करा, तिथे कुणाच्याही शेणी चालतात. पण ती आपली गाडी नव्हे. आपली गाडी दारोदार जाते. महामारीच्या दुसऱ्या होळीला स्मशानातला शेणींचा ढीग उतरला होता, लोक एकमेकांच्या दारात जायला भीत होते, तेव्हा हा माणूस तोंडाला रुमाल बांधून दोन पोरांना घेऊन निघाला. तेव्हा खंड पडला नाही आणि आता तो स्वतः गेला म्हणून खंड पाडायचा? एक वर्ष थांबली की ही गाडी परत निघत नाही. पुढच्या वर्षी कुणाच्या घरी लग्न असेल, कुणाची बदली होईल, कुणी म्हणेल आता कुणाकडे म्हशी आहेत. मग गाडी तालमीच्या मागे गंजत पडेल आणि तिच्यावर कुणीतरी पापड वाळत घालेल.

 मग अध्यक्ष म्हणाले, "काढायचीच म्हटलं तर सुरवात कुठनं करायची?"

हा प्रश्न सगळ्यांच्या मनात होता, म्हणून तर सुतकाची ढाल पुढे केली होती. पेठेत सगळ्यात अलीकडे माणूस गेलं होतं ते नगरसेवकांच्या घरी.

"काकींच्या दारात कोण उभारणार, बाई? तुम्हीच सांगा."

"मी उभारते," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेले. रात्रभर मनात वाक्य जुळवत होते आणि त्यांच्या जिन्यापर्यंत येईतो ती सगळी विसरले. दाराबाहेर चपलांचा ढीग होता. आत फोटोला हार, समोर तेवता दिवा, सतरंजीवर नगरसेवकांची बायको, पोरांच्या काकी आणि माझ्या वहिनी, भिंतीला टेकून बसलेल्या. त्या बिद्रीकडच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. पेठेला त्या ठाऊक होत्या त्या चहाचा ट्रे घेऊन बाहेर येणाऱ्या बाई म्हणून. कधी सभेत दिसल्या नाहीत, कधी प्रचाराला फिरल्या नाहीत. जवळ त्यांची थोरली बहीण बसली होती.

मी बसले. मला वाटलं होतं, थोडा वेळ जाऊ द्यावा, मग विषय काढावा. पण तसा वेळ कधीच येत नाही, हे मला माझ्या अनुभवावरून माहीत होतं. मी म्हटलं, "वहिनी, होळी आलीय. पाच शेणी द्या."

बहीण उसळली. "काय वं बाई, शिकल्या-सवरल्या तुम्ही. घरात सुतक हाय आनि शेणी मागताय? तेरावा होऊ दे, नरसोबाच्या वाडीला दत्ताच्या पायावर घालून आणतो हिला, मग काय ते बघा."

वहिनींनी तिला हातानं थांबवलं. त्या माझ्याकडे बघत होत्या.

"न्हाईत," त्या म्हणाल्या. "आमच्यात कुठल्या शेणी, बाई? जल्मभर हे दुसऱ्याच्या दारात मागत फिरले, घरात एक ठेवली न्हाई."

मी म्हटलं, गोठ्यात मागता येतील. त्यावर त्या एकदम ताठ बसल्या.

"ह्या दारात किती माणसं आली म्हाईत हाय? नळ मागाय आली, पोराला शाळा मागाय आली, दवाखान्यातली खाट मागाय आली. सगळी त्यांच्याकडं. मला आजवर कुणी काय मागितलं न्हाई. च्या सोडून."

 उठून जायचं नाही, एवढं मी ठरवून आले होते. "मी मागतेय की," मी म्हटलं. "तुमच्याकडे. त्यांच्याकडे नाही."

त्यांनी डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. मग म्हणाल्या, "मागून न्हाई आणणार मी. मी लावतो." आमच्याकडच्या बायका येतो-जातो असंच बोलतात, साताऱ्याहून आले तेव्हा मला त्याचं हसू यायचं, आता मीही रागात तसंच बोलते.

"सुतकात शेणी लावतीस?" बहिणीनं विचारलं.

"सुतक फिटल्यावर घर कशानं सारवतीस?"

"शेणानं."

"मग शेणाला कसलं सुतक?"

बहीण उठली आणि गच्चीचं दार उघडायला गेली. 

शेणाची पाटी गोठ्यावरून गवळण स्वतः डोक्यावर घेऊन आली आणि गच्चीत उतरवून गेली. वहिनींनी पदर खोचला. शेणात भुसकट टाकलं, पाणी शिंपडलं, पायानं मळलं आणि गच्चीच्या एका कडेनं शेणी लावायला सुरुवात केली. गोळा उचलायचा, दोन्ही तळव्यांवर फिरवायचा आणि थाप मारायची. प्रत्येक शेणीवर पाच बोटं उमटत होती. मीही एक लावून बघितली. ती आफ्रिकेच्या नकाशासारखी झाली, खाली निमुळती. "ऱ्हाऊ दे," वहिनी म्हणाल्या, "जळंल ती पण." नवरा गेल्यापासून मी त्यांना पहिल्यांदा हसताना बघितलं.

काम करता करता त्या बोलायला लागल्या. लग्न होऊन आल्या तेव्हा नगरसेवक नगरसेवक नव्हते, तालमीतले एक रिकामटेकडे पैलवान होते. "पैल्या दिवशी म्हणालेते, तुझ्या हाताला शेणाचा वास येतोय. मी चार दिवस बोललो न्हाई. आनि मग बघा की, सारं आयुष्य शेणीच गोळा करत गेलं." त्या थाप मारत राहिल्या. मी तिथेच कठड्याला टेकून रडून घेतलं. त्यांनी मला रडू दिलं आणि हात चालू ठेवले.

गवळणीनं आणखी एक पाटी भरून आणली तेव्हा खाली गाड्यांचा आवाज झाला. तेच मोठे नेते सांत्वनाला आले होते. पांढरे कपडे, मागे माणसं, एकाच्या हातात माणसाएवढा हार आणि दुसऱ्याच्या गळ्यात कॅमेरा. "काकी कुठायत?" अशी विचारणा झाली. बहीण घाबरून वर धावत आली, हात धुवायला पाणी ओतू लागली. वहिनी म्हणाल्या, "अजून अर्धी पाटी हाय, सारखं धुत कोण बसतंय," आणि कोपरापर्यंत शेणानं भरलेले हात घेऊन तशाच खाली गेल्या.

"नमस्कार करता येत न्हाई, हात शेणाचे हायत," त्या नेत्याला म्हणाल्या. "बसा की."

नेते बसले. ते काय बोलायचं ठरवून आले होते कुणास ठाऊक, पण ते शब्द त्या हातांपुढे त्यांना सापडेनात. त्यांच्या माणसाला मात्र लगेच काहीतरी सुचलं. तो म्हणाला, "काकी, वर शेणींजवळ साहेबांबरोबर एक फोटो होऊन जाऊ दे." आणि कॅमेरावाला जिन्याकडे निघाला. मी जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभी राहिले.

"वर जायचं नाही," मी म्हटलं.

"पावणं, आपण कोण?" त्यानं विचारलं. कोल्हापुरात अनोळखी माणसाला पावणं म्हणतात, बाई असली तरी.

"मी शेणी मागायला आलेली. या शेणींचा फोटो निघत नाही. तसा नियम आहे."

त्यानं नेत्यांकडे बघितलं. नेते माझ्याकडे बघत होते. मग त्यांनी कॅमेरावाल्याला हातानंच बाहेर जायला सांगितलं. नियम कसला, असं त्यांनी विचारलं, आणि वहिनींनी चार वाक्यांत सांगितलं. पहिल्या घराचंही सांगितलं. 

"गेल्या साली आमची आई गेली," ते म्हणाले. "हजारो माणसं आली होती. मागायला कुणी आलं नाही."

"तुमच्या भागात गाडी न्हाई व्हय?" वहिनींनी विचारलं.

"नाही."

"मग काढा की."

ते निघाले तेव्हा हार फोटोला घालायचा राहून गेला, तो कुणीतरी दारातल्या खिळ्याला अडकवला. ट्रॉली होळीच्या आदल्या दिवशी आली आणि फ्लेक्स न लावता थेट नदीवर जाऊन रिकामी झाली. नेत्यांनी त्यांच्या भागात पुढे काय केलं ते मला माहीत नाही. बघायला मी जाणार आहे.

ऊन चांगलं कडक होतं. वहिनी रोज दुपारी गच्चीत जाऊन शेणी उलटवत होत्या. खाली भेटायला येणारी माणसं वाट बघत बसत, आणि काही नाराज होऊन जात. सुतकातली बाई फोटोपुढे बसलेली नाही, हे त्यांना पटत नव्हतं. एकीनं मला दरवाजातच सुनावलं, की हे खूळ तुम्ही घातलंत. मी म्हटलं, हो, मीच घातलं. तिला भांडण हवं होतं, ते मी दिलं नाही, कारण गाडी निघेपर्यंत मला कुणाशी भांडायला वेळ नव्हता.

होळीच्या सकाळी पोरांनी गाडी धुऊन वहिनींच्या दारात आणून लावली. कुणीतरी दांड्याला काळी फीत बांधली होती, ती मी सोडायला लावली. गल्लीत माणसं जमली होती, पण नेहमीचा गलका नव्हता. वहिनी पाटी डोक्यावर घेऊन उतरल्या. पाचच द्यायच्या असतात, पण त्यांनी लावलेल्या सगळ्या आणल्या होत्या, माझ्या आफ्रिकेसकट. काही मध्ये थोड्या ओलसर होत्या. त्यांनी एकेक करून सगळ्या गाडीत रचल्या.

आता पुढच्या दारात त्यांनी मागायचं, हा नियम. त्यांना ते कुणीही सांगायचं नाही असं मी पोरांना बजावून ठेवलं होतं. त्यांनी एवढं केलं हेच खूप होतं. मी पुढे झाले आणि हळूच म्हटलं, "वहिनी, तुम्ही बसा आता. पुढचं मी मागते."

"तुम्ही माझ्याकडनं मागितलं न्हवं? मग पुढचं माझं."

त्या शेजारच्या दारात गेल्या. तिथले म्हातारे आजोबा नगरसेवकांचे शाळेतले सोबती. त्यांनी दार उघडलं आणि समोर वहिनींना बघून त्यांचा चेहरा चुरगळला. "अगं, तू कशाला आलीस," ते म्हणू लागले, "तुझ्या घरात अजून..."

"पाच शेणी द्या," वहिनी म्हणाल्या.

आवाज मोठा नव्हता. पण गल्लीत एवढी शांतता होती की शेवटच्या माणसापर्यंत पोचला. आजोबा आत गेले आणि शेणी घेऊन बाहेर आले. मग गाडी निघाली आणि थांबली नाही. दुपारी नदीवर पोचलो तेव्हा ती एवढी भरली होती की दोन पोरं मागून हात लावून चालत होती. स्मशानातल्या ढिगात वहिनींच्या शेणी लगेच दिसेनाशा झाल्या. माझी मात्र आकारामुळे थोडा वेळ ओळखू येत होती, मग तिच्यावरही दुसऱ्या पडल्या.

परत येताना आम्ही दोघी मागे राहिलो. वहिनींनी विचारलं, "पुढच्या सालाला पैलं घर कुणाचं आसंल?"

"कुणाला ठाऊक," मी म्हटलं. "माझंही असेल."

"मग मी येतो की मागाय," त्या सहज म्हणाल्या. चार पावलं चालून थांबल्या. "पर बाई, तुमच्यात दार कोण उघडणार?"

 माझ्या घराला मी गेल्यावर कुलूप लागणार, हे मला ठाऊक होतं. मुलगा येईल, सगळं रीतसर करील, परत जाईल. त्याच्या बापाच्या वेळी त्यानं तेच केलं होतं आणि त्यात त्याची काही चूक नव्हती. पण वहिनी दारात उभ्या आहेत आणि आत कुणी नाही, हे चित्र घरी पोचेपर्यंत डोळ्यांपुढून हलेना.

होळीला नैवेद्य दाखवून आल्यावर मी मुलाला फोन केला. म्हटलं, मी गेले की त्या वर्षीच्या होळीला तू इथे असायचंस, कामावर काहीही असलं तरी. सकाळी एक बाई येईल आणि पाच शेणी मागेल. पैसे देऊ नकोस, फोनवरून तर मुळीच पाठवू नकोस. मागच्या गल्लीतल्या गोठ्यात जायचं आणि मागून आणायच्या. मग पुढच्या दारात तू मागायचं.

"आई, सणाच्या दिवशी हे काय बोलतेस," तो म्हणाला.

"सणाच्या दिवशीचंच काम आहे."

 मग त्यानं विचारलं, "तो गोठा अजून आहे?"

"आहे. रविवारी ये, दाखवते."

तो आला. मी त्याला घेऊन गोठ्यात गेले. गवळण म्हशीखाली बसली होती. ती उठली, हात पुसले आणि दुधाचा पेला भरायला वळली. मी म्हटलं, दूध मागाहून दे, आधी इकडे बघ. हा माझा मुलगा. ह्याचा चेहरा नीट बघून ठेव.